पाटी, कार्ड आणि नोंद: गाडीवेड्यांसाठी लायसन्स-नंबरप्लेटचे नियम

गाडीचा नाद असलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी टायरच्या कडेवरचं २०५/५५ आर १६ उलगडून सांगता येतं. त्याच माणसाला आपल्या लायसन्सची मुदत कधी संपते हे विचारा, तो पाकीट शोधायला लागतो. आणि गाडीच्या पुढच्या काचेवरचा छोटा स्टिकर कशासाठी असतो हे विचारलं, तर ‘शोरूमवाल्यांनी लावलाय’ एवढंच उत्तर मिळतं.

हे नियम किचकट वाटतात ते एक गोष्ट नीट सांगितली जात नाही म्हणून. देशात दोन मोठ्या संगणकी नोंदवह्या आहेत. लायसन्सची नोंद ‘सारथी’त असते, गाडीची ‘वाहन’मध्ये. तुमच्या हातातलं कार्ड, आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) आणि बंपरवरची पाटी या त्या नोंदींच्या नकला. नाकाबंदीतला पोलीस हातातल्या यंत्रावर नोंद बघतो, चौकातला कॅमेरा पाटी वाचून नोंदीपर्यंत पोचतो आणि अपघातानंतर येणारा विमा कंपनीचा सर्व्हेयरही नोंदच तपासतो. कार्ड चकचकीत आहे आणि नोंदीत घोळ आहे, तर चालतो तो घोळ. हे डोक्यात ठेवलं की मोटार वाहन अधिनियम १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ यांतली निम्मी कलमं आपोआप समजतात.

लायसन्सवर काय वाचायचं

आधी नंबर. हल्लीचा लायसन्स नंबर पंधरा अक्षर-आकड्यांचा असतो: राज्याची दोन अक्षरं, आरटीओचे दोन आकडे, लायसन्स पहिल्यांदा निघालं ते चार आकडी वर्ष आणि शेवटी सात आकडे. जुन्या पुस्तकी लायसन्सवर हाच नंबर तिरप्या रेघा टाकून, आखूड लिहिलेला असे. तो जसाच्या तसा ‘सारथी’च्या पोर्टलवर टाकला की ‘नोंद सापडली नाही’ असं येतं आणि माणूस घाबरतो. वर्ष चार आकडी करा, शेवटच्या क्रमांकाच्या आधी शून्यं लावून तो सात आकडी करा, मग परत शोधा. तरीही सापडलं नाही, तर ती नोंद संगणकावर चढलेलीच नाही असं समजायचं. अशा वेळी मूळ पुस्तक घेऊन ज्या आरटीओने ते दिलं तिथेच जावं लागतं. त्यांच्या जुन्या रजिस्टरशी पडताळून नोंद चढवली जाते. हे काम नूतनीकरणाच्या आदल्या आठवड्यात उरकू असं समजू नका.

मग वर्ग. खासगी मोटारीसाठी ‘एलएमव्ही’, म्हणजे हलकं मोटार वाहन. त्याची वरची मर्यादा ७,५०० किलो आहे, त्यामुळे हॅचबॅकपासून मोठ्या एसयूव्हीपर्यंत सगळं त्यात बसतं. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर गिअरची गाडी चालवता येत नाही असा समज दिसतो, पण मोटारींच्या बाबतीत आपल्याकडे तशी वेगळी वर्गवारी नाही. दुचाकीत मात्र आहे. ‘गिअर नसलेली’ एवढीच नोंद असेल तर स्कूटर चालेल, बुलेट नाही. हलक्या मालवाहू किंवा टॅक्सी गाडीसाठी वेगळी नोंद लागते का, हा वाद वर्षानुवर्षं विमा दाव्यांमध्ये अडकलेला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो मिटवला: ७,५०० किलोंपेक्षा कमी एकूण वजनाच्या वाहतूक वाहनासाठी एलएमव्ही लायसन्स पुरेसं आहे.

जाता जाता, विजेवरची प्रत्येक दुचाकी लायसन्सशिवाय चालते असं नाही. सूट आहे ती ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न पळणाऱ्या, २५० वॅटच्या आतल्या आणि बॅटरी सोडून ६० किलोंच्या आत वजन असलेल्या गाड्यांना. ‘कंट्रोलर बदलून’ ती ४५ ने पळवली की ती मोटार वाहन झाली. मग लायसन्स, नोंदणी, विमा, सगळंच लागतं आणि त्यातलं एकही तुमच्याकडे नसतं.

मुदतीचं गणित कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर बदललं. खासगी वाहनाचं लायसन्स तिशीच्या आत काढलं किंवा नूतन केलं तर वयाच्या चाळीस वर्षांपर्यंत चालतं. तीस ते पन्नासच्या दरम्यान केलं तर दहा वर्षं. पन्नास ते पंचावन्नमध्ये केलं तर साठीपर्यंत, आणि पंचावन्ननंतर दर पाच वर्षांनी. वाहतूक वाहनाची नोंद असेल तर ती पाच वर्षांचीच असते. त्यामुळे एकाच कार्डावर दोन तारखा दिसतात, एक खासगी वाहनांची आणि एक वाहतुकीची. ज्यांच्याकडे दुरुस्तीआधीचं लायसन्स आहे त्यांनी नवं गणित लावत बसू नये. कार्डावर छापलेली तारीखच खरी.

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात ते ‘महिनाभर चालतं’ या जुन्या माहितीमुळे. मुदत संपल्यावर तीस दिवस लायसन्स चालू राहण्याची सवलत पूर्वी होती, २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली. आता तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी तुम्ही विनापरवाना चालक, आणि त्यासाठीचा दंड कायद्यात ५,००० रुपयांपर्यंत आहे. दंडापेक्षा मोठी भीती विम्याची: त्या काळात अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो, तेव्हा थांबायचं कारणच नाही. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर मात्र गाडी चालवून दाखवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. वीस वर्षं गाडी चालवणारा माणूस ट्रॅकवर आठचा आकडा काढताना ज्या चेहऱ्याने बसतो तो बघण्यासारखा असतो.

चाळिशीनंतर अर्जासोबत नमुना १-अ लागतो. ते डॉक्टरचं प्रमाणपत्र असतं. त्याआधी नमुना १ मधलं स्वतःचं आरोग्य-घोषणापत्र पुरतं.

घरबसल्या होणारी बहुतेक कामं आधारच्या ओळखीवर चालतात आणि तिथेच आपल्याकडचा एक खास घोळ उभा राहतो. जुन्या लायसन्सवर ‘आडनाव, नाव, वडिलांचं नाव’ असा क्रम, आधारवर ‘नाव, वडिलांचं नाव, आडनाव’. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर आणखी गुंता. संगणकाला ती दोन वेगळी माणसं वाटतात आणि अर्ज अडतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा फी भरून नशीब आजमावू नका. आधारचा मार्ग सोडून कागदपत्रांचा पर्याय निवडा, भेटीची वेळ (अपॉइंटमेंट) घ्या आणि कार्यालयात जाऊन आधी नाव दुरुस्त करून घ्या; नूतनीकरण त्यानंतर. आणि कुठलाही अर्ज करताना मोबाइल नंबर तपासा. दहा वर्षांपूर्वी एजंटाने स्वतःचा नंबर टाकलेला असतो, ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तुम्ही पोर्टलला शिव्या घालत बसता.

कार्ड खिशात नसेल तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अॅपमधली प्रत दाखवता येते. नियम १३९ मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. पण त्या अॅपमधून उघडलेलीच. गॅलरीतला कार्डाचा फोटो हा फक्त फोटो असतो, त्याला कागदपत्र म्हणत नाहीत.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, आणि पक्क्या लायसन्सची परीक्षा ते निघाल्यापासून तीस दिवसांनी देता येते. शिकणाऱ्याच्या शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा, तोही गाडी थांबवता येईल अशा जागी. मागच्या सीटवरून सूचना देणारे काका त्यात बसत नाहीत. ‘एल’ची पाटीही वहीच्या कागदावर स्केचपेनने रंगवायची नसते: पांढऱ्या रंगावर लाल अक्षर, पाटी १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड आणि खाली ९ सेंटिमीटर रुंद, पुढे आणि मागे दोन्हीकडे.

अठरा पूर्ण नसलेल्या मुलाच्या हातात किल्ली देणाऱ्यांसाठी एकच वाक्य: कलम १९९-अ नुसार पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.

परदेशात गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी नमुना ४-अ भरा. फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष किंवा मूळ लायसन्सची मुदत, जी आधी संपेल ती. हा परवाना एकटा चालत नाही, मूळ लायसन्स सोबत लागतंच.

पाटी: एक मिलिमीटर अॅल्युमिनियमची गोष्ट

१ एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या प्रत्येक नव्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, कंपनीकडूनच येते. वरवर ती साधी दिसते. तिच्यातला एकेक भाग वेगळा बघितला की तिला हात का लावायचा नसतो ते कळतं.

पत्रा १ मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा. डाव्या वरच्या कोपऱ्यात २० गुणिले २० मिलिमीटरचा क्रोमियमचा होलोग्राम, त्यात अशोकचक्र. त्याच्या खाली निळ्या रंगात देशाची तीन अक्षरं आणि डाव्या खालच्या भागात लेझरने कोरलेला कायमचा ओळख क्रमांक. हा क्रमांक प्रत्येक पाटीचा वेगळा असतो, म्हणजे एकाच गाडीच्या पुढच्या आणि मागच्या पाटीचाही वेगळा, आणि दोन्ही ‘वाहन’मध्ये तुमच्या चासी नंबरला (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाला) जोडलेले असतात. अक्षरं ठशाने उठवलेली, त्यांच्यावर गरम दाबाने काळी फिल्म, आणि त्या फिल्मवर देशाचं नाव ४५ अंशांत तिरकं. मागची पाटी स्नॅपलॉकने बसते. हे कुलूप एकदा बसलं की उघडत नाही, तोडावंच लागतं. पाटी काढून दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये हा त्यामागचा हेतू.

आकार चार: मोटारीला ५०० गुणिले १२० मिलिमीटर किंवा जागेप्रमाणे ३४० गुणिले २००, दुचाकीला मागे २०० गुणिले १०० आणि पुढे २८५ गुणिले ४५.

आता हौशी मंडळी काय करतात ते बघू. पाटीभोवती जाड फ्रेम लावतात. फ्रेमची कड होलोग्रामवर किंवा लेझर क्रमांकावर येते आणि पाटी नियमात असूनही अपुरी ठरते. वरून अॅक्रिलिकचं धुरकट झाकण लावतात. पाटीचा परावर्तक पृष्ठभाग मागच्या गाडीच्या दिव्यात चमकावा म्हणून दिलेला असतो, झाकणाने तेच मरतं. स्नॅपलॉक तोडून साधे स्क्रू लावतात, कारण बंपर रंगवायला काढायचा होता. इथे वर्कशॉपला आधीच सांगून ठेवा: बंपर काढताना पाटी तोडावी लागणार असेल तर ती पुन्हा अधिकृत केंद्रातच बसवून घ्यायची. दुचाकीवाले मडगार्ड कापून पाटी सीटखाली वाकडी लावतात. वाकवलेल्या पाटीवरची फिल्म तडकते आणि कॅमेऱ्याला ‘३’ आणि ‘८’ सारखेच दिसायला लागतात. मग दुसऱ्याचं चलान तुम्हाला किंवा तुमचं दुसऱ्याला. आणि एक साधी चूक: गाडी पॉलिश करताना रबिंग कंपाउंड पाटीवरही फिरवलं जातं. अक्षरांवरची काळी फिल्म त्याने घासली जाते. पाटीला शाम्पूचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

मागच्या पाटीवर पांढरा दिवा हवा, अंधारात पंधरा मीटरवरून नंबर वाचता येईल असा. निळा, जांभळा, लुकलुकणारा दिवा चालत नाही. सायकल टांगायचा कॅरिअर मागे लावला की पाटी आणि दिवा दोन्ही झाकले जातात, हे ट्रिपच्या उत्साहात कुणाच्या लक्षात येत नाही. छतावरचा कॅरिअर त्या दृष्टीने बरा.

आणि दादांबद्दल. ४१४१ चे ‘दादा’, २१४ चे ‘राम’, ८०५५ चे ‘बॉस’ ही आपल्याकडची जुनी कलाकुसर आहे आणि ती करणाऱ्या पेंटरच्या हाताला दाद द्यायलाच हवी. पण नियमाप्रमाणे नोंदणी क्रमांक मोठ्या रोमन अक्षरांत आणि आंतरराष्ट्रीय आकड्यांतच लिहायचा असतो, देवनागरी आकडेही चालत नाहीत. पाटीवर नंबराखेरीज काहीच नको, म्हणजे पद, पक्ष, ‘प्रेस’, देवाचं चित्र यातलं काही नाही. कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा पकडलं तर १,५००. आता मूळ पाटीच कारखान्यात ठशाने बनते म्हटल्यावर ही कला संपल्यातच जमा आहे.

रंगांवरून गाडी कुठली ते लांबूनच ओळखता येतं. पांढऱ्यावर काळी अक्षरं खासगी, पिवळ्यावर काळी वाहतुकीची, काळ्यावर पिवळी म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने दिलेली. विजेवरची खासगी गाडी हिरव्यावर पांढरी, विजेवरची टॅक्सी हिरव्यावर पिवळी. पिवळ्यावर लाल अक्षरं तात्पुरत्या नोंदणीची, लालवर पांढरी विक्रेत्याच्या व्यापार प्रमाणपत्राची. लष्कराच्या गाडीवर नंबराच्या सुरुवातीला वर टोक असलेला बाण. हे रंग हौसेने बदलता येत नाहीत. पेट्रोल गाडीला हिरवी पाटी लावणं म्हणजे चुकीची नोंद मिरवणं.

काचेवरचा स्टिकर, ज्याला कुणी विचारत नाही

पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात १०० गुणिले ६० मिलिमीटरचा जो स्टिकर असतो ती तिसरी नोंदणी खूण. त्यावर गाडीचा नंबर, नोंदणी कार्यालय, इंजिन आणि चासी नंबर आणि दोन्ही पाट्यांचे लेझर क्रमांक असतात. त्याचा रंग इंधन सांगतो: पेट्रोल आणि सीएनजीला फिका निळा, डिझेलला नारिंगी, बाकीच्यांना करडा. प्रदूषणाचा बीएस-६ निकष पाळणाऱ्या गाडीच्या स्टिकरवर वर हिरवी पट्टी असते.

हा स्टिकर काढायला गेलं की फाटतो, तसाच तो बनवलेला आहे. त्यामुळे पुढची काच बदलली की जुना स्टिकर नव्या काचेवर चिकटवता येत नाही, नवा मागवावा लागतो. काचेचा विमा दावा भरताना हे कुणीच सांगत नाही. एक पाटी बदलली तरीही स्टिकर बदलायला हवा, कारण त्यावर जुन्या पाटीचा क्रमांक छापलेला राहतो.

जुन्या गाडीला नवी पाटी

१ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदणी झालेल्या गाड्यांनाही महाराष्ट्रात एचएसआरपी सक्तीची आहे. त्यासाठीची मुदत राज्याने अनेकदा वाढवली. राज्याचे तीन विभाग पाडून तीन कंपन्यांना काम दिलं आहे आणि तुमच्या आरटीओच्या क्रमांकावरून विभाग ठरतो. जीएसटी सोडून दर असे: दुचाकी आणि ट्रॅक्टर ४५० रुपये, तीनचाकी ५००, मोटारी आणि इतर ७४५. अठरा टक्के धरून मोटारीचे ८७९ रुपये १० पैसे होतात.

नोंदणी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच सुरू करा. गुगलवर शोधून पहिली जाहिरात उघडणाऱ्यांसाठी हुबेहूब दिसणारी खोटी पानं तयार असतात. खऱ्या पानावर गाडीचा नंबर, चासी आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे आणि मोबाइल नंबर लागतो. इथे अडलात तर चूक बहुधा ‘वाहन’मधल्या नोंदीत असते: जुन्या आरसी पुस्तकावरून संगणकात चढवताना ‘०’च्या जागी रोमन ‘ओ’ किंवा ‘१’च्या जागी ‘आय’ बसलेला असतो. गाडीवरचा चासी नंबर पेन्सिलने कागदावर घासून घ्या, पुस्तकाशी जुळवा, मग आरटीओत दुरुस्तीचा अर्ज करा. पाटी हे शेवटचं पाऊल.

पाटी बसवायची ठरलेली वेळ (अपॉइंटमेंट) मिळाल्यावर गाडी घेऊनच केंद्रावर जायचं असतं. पाटी हातात घेऊन घरी लावतो म्हणू नका. बसवल्याची नोंद तिथेच चढते. निघण्याआधी तीन गोष्टी बघा: नंबराचं अक्षर न अक्षर, दोन्ही लेझर क्रमांक पावतीशी जुळतात का, आणि काचेवरचा स्टिकर मिळाला का. मोटारीचा स्टिकर विसरणं ही नेहमीची चूक आहे. पाट्यांचा मोबाइलने फोटो काढून ठेवा.

तो फोटो पुढे कामाला येतो. तुमचा नंबर दुसऱ्याच कुणी लावून फिरत असेल तर तुम्ही कधी न गेलेल्या शहरातलं चलान येतं. महाट्रॅफिक अॅपवर तक्रार करताना चलानावरच्या गाडीचा फोटो आणि तुमचा फोटो शेजारी ठेवता येतात: अलॉय, टेललॅम्प, सनरूफ, होलोग्राम, यांतला फरक बोलतो. पाटी चोरीला गेली तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार द्या. नवी पाटी मागवायला तिची प्रत लागते, आणि त्या चोरलेल्या पाटीने काही उद्योग झाला तर तुमच्याजवळ तारखेचा पुरावा राहतो.

नंबर कसा मिळतो

एमएच १२ पुणे, १४ पिंपरी-चिंचवड, ०९ कोल्हापूर, १५ नाशिक, ३१ नागपूर हे पाठ असायला गाडीवेडा असण्याचीही गरज नाही. पुढच्या मालिकेच्या अक्षरांत आय आणि ओ वापरत नाहीत, एक आणि शून्य यांच्याशी गल्लत नको म्हणून.

पसंतीच्या क्रमांकाचं शुल्क महाराष्ट्रात ऑगस्ट २०२४ मध्ये वाढलं. चारचाकीला ०००१ हवा असेल तर ५ लाख, आणि मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा जास्त मागणीच्या ठिकाणी ६ लाख रुपये. दुचाकीला १ लाख. एवढ्या पैशांत चांगली सस्पेन्शन, चांगले टायर आणि वर एक जुनी जिप्सी येते असं आमचं मत, पण हौसेला मोल नसतं.

सारखी बदली होणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिका आहे. नंबरात आधी नोंदणीचं दोन आकडी वर्ष, मग ‘बीएच’, चार आकडे आणि शेवटी अक्षरं. लष्करी, केंद्र-राज्य सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांनाच ती मिळते. कर एकदम पंधरा वर्षांचा न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा. गाडीच्या किमतीप्रमाणे ८, १० किंवा १२ टक्क्यांचा दर, डिझेलला दोन टक्के जास्त, विजेवरच्या गाडीला दोन टक्के कमी. फायदा राज्य बदलताना होतो. पुण्यातच राहायचं असेल तर दर दोन वर्षांनी तारीख लक्षात ठेवण्याचा व्याप तेवढा वाढतो.

गाडी बदलली, विकली, म्हातारी झाली

आरसीवर रंग, इंधन, आसनसंख्या, इंजिन नंबर असं सगळं लिहिलेलं असतं. कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी फारकत होईल असा बदल करायचा नाही, आणि परवानगी असलेला बदल आरसीवर चढवून घ्यायचा. रंग बदलणं, मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवणं, जळालेलं इंजिन बदलणं ही नोंद करून चालणारी कामं आहेत. मूळ रंग पूर्ण झाकणारा रॅपही (गाडीवर चिकटवलेली रंगीत फिल्म) आम्ही रंगबदल समजूनच नोंदवायला सांगतो. नाकाबंदीत आरसीवर पांढरी आणि समोर मॅट काळी गाडी असेल तर ‘आत पांढरीच आहे’ हे सिद्ध करायला रॅप सोलून दाखवणार का? बेकायदा बदलासाठी कलम १८२-अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. वर्कशॉपचं बिल मात्र कुणी परत देत नाही.

विक्रीत नोंदीचं महत्त्व सगळ्यात बोचतं. पैसे मिळाले, किल्ली दिली, स्टॅम्प पेपरवर सह्या झाल्या, तरी ‘वाहन’मध्ये नाव तुमचं असेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं: अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, मधे गाडी कितीही हात फिरलेली असो. नमुना २९ विकणाऱ्याने, नमुना ३० दोघांनी. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घ्यायची. कर्जाचा बोजा असेल तर आधी बँकेच्या सहीचा नमुना ३५. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करणं घेणाऱ्याचं काम. डीलरला गाडी देत असाल तर तो नोंदणीकृत डीलर आहे ना बघा आणि नमुना २९-क, म्हणजे गाडी डीलरकडे दिल्याचं कळवणं, पोर्टलवर भरला गेल्याशिवाय किल्ली सोडू नका. एप्रिल २०२३ पासून त्या कळवण्यानंतर डीलर मालक मानला जातो.

खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांची असते. पुढे नमुना २५ भरून, गाडी तपासून, पाच पाच वर्षं वाढवता येते. अर्ज मुदतीच्या आधी साठ दिवसांत करायचा. पंधरा वर्षांवरच्या मोटारीला फी ५,००० रुपये, दुचाकीला १,०००. वीस वर्षं उलटल्यावर ऑगस्ट २०२५ पासून ती अनुक्रमे १०,००० आणि २,००० झाली. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. उशीर केला तर मोटारीला दर महिन्याला ५०० रुपये चढत जातात, म्हणून गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीचीही तारीख लिहून ठेवा.

पन्नास वर्षं ओलांडलेल्या, म्हणजे ‘व्हिंटेज’ गाडीसाठी जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम आले, ८१-अ पासून पुढचे. पन्नास वर्षं मोजायची ती पहिल्या नोंदणीपासून. दुचाकी किंवा चारचाकी, व्यावसायिक वापर नसलेली, मूळ रूपात सांभाळलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठी अदलाबदल न केलेली. जीपच्या चासीवर नवं डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर ती छान गाडी असेल, व्हिंटेज नव्हे. आधीच नोंदणी असलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते, आणि १९८९ च्या आधीच्या एम-ने सुरू होणाऱ्या नंबरांवर जीव असलेल्यांनी तो ठेवावाच. नव्याने नोंदवताना राज्याची दोन अक्षरं, मग ‘व्हीए’, दोन अक्षरी मालिका आणि चार आकडे अशी दहा अक्षरी ओळख मिळते. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढे ५,०००. अशी गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, व्हिंटेज रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांसाठी. रोज ऑफिसला न्यायची असेल तर व्हिंटेजची नोंद घेऊ नका. साधी आरसी दर पाच वर्षांनी वाढवत राहा.